बारावीनंतर अभियांत्रिकी प्रवेश: दाखल्यांपासून पसंतीक्रमापर्यंतची तयारी

महाराष्ट्रात अभियांत्रिकी पदवीला प्रवेश घेऊ इच्छिणारा विद्यार्थी दोन वर्षे सीईटीचा अभ्यास करतो, क्लासची फी भरतो, सराव परीक्षांचे गुण वहीत मांडत राहतो. निकालानंतर ज्या प्रक्रियेतून त्याची जागा प्रत्यक्ष ठरते, तिच्याकडे मात्र जून उजाडेपर्यंत घरात कोणाचेच लक्ष गेलेले नसते. परिणामी चांगल्या पर्सेंटाइलचे विद्यार्थी एखाद्या दाखल्यावरची तारीख उलटल्यामुळे किंवा पसंतीक्रम घाईत भरल्यामुळे हक्काची जागा गमावतात. घरात यापूर्वी कोणीही कॅप राउंड, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाची फेरी, पाहिलेला नाही, अशा अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा लेख आहे. अभ्यास कसा करावा हे येथे सांगितलेले नाही. अभ्यासाखेरीज जे करावे लागते, तेवढेच सांगितले आहे.

कोणत्या परीक्षेने कोठे जाता येते

राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठीची एमएचटी-सीईटी ही परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. या कक्षालाच सर्वजण सीईटी सेल म्हणतात, आणि परीक्षेनंतरची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजेच कॅप, हाच कक्ष राबवतो. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवीचे प्रवेशही एमएचटी-सीईटीवर होतात. वैद्यकीय, दंत आणि आयुर्वेद अभ्यासक्रमांसाठी मात्र नीट द्यावी लागते. आयआयटीसाठी जेईई मेन आणि त्यानंतर जेईई अॅडव्हान्स्ड आवश्यक असते, तर नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटी संस्थांचे प्रवेश जेईई मेनवर होतात. राज्यातील महाविद्यालयांत अखिल भारतीय कोट्याच्या काही जागाही असतात आणि त्यांसाठी जेईई मेनचे गुण धरले जातात. त्यामुळे ज्यांना राज्यातच शिकायचे आहे, त्यांनीही शक्य असल्यास जेईई मेन द्यावी, असे माझे मत आहे. दोन्ही परीक्षांचा अभ्यासक्रम बराचसा सारखा असल्याने त्यासाठी वेगळा अभ्यास फारसा करावा लागत नाही.

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाची परीक्षा २०० गुणांची असते. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, तर गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. सुमारे २० टक्के भार अकरावीच्या आणि ८० टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. २०२६ पासून ही परीक्षा एप्रिल आणि मे अशी दोनदा घेण्याचे जाहीर झाले असून, दोन्ही वेळा बसलेल्या विद्यार्थ्याचे त्यांतील चांगले पर्सेंटाइल धरले जाणार आहे. बोर्डाची परीक्षा ही केवळ औपचारिकता आहे, असा समज क्लासच्या वातावरणात सहज रुजतो. तो चुकीचा आहे. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला बारावीत पात्रतेच्या विषयांत मिळून किमान ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याला किमान ४० टक्के गुण असावेच लागतात. ते नसतील तर सीईटीचे ९९ पर्सेंटाइलही उपयोगाचे नाही.

अकरावीत प्रवेश घेतानाच घेतला जाणारा निर्णय

अकरावीचे महाविद्यालय निवडताना अभियांत्रिकी प्रवेशाचा एक नियम बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसतो. विद्यापीठांशी संलग्न असलेल्या अनेक महाविद्यालयांत राज्यस्तरीय कोट्यातील ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के जागा बाहेरच्या विद्यापीठक्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात. पहिल्या गटाला गृह विद्यापीठ, म्हणजे बोलीभाषेत होम युनिव्हर्सिटी, म्हणतात. सर्वसाधारणपणे विद्यार्थ्याचे गृह विद्यापीठ त्याच्या गावावरून ठरत नाही. त्याने बारावी ज्या कार्यक्षेत्रातील संस्थेतून उत्तीर्ण केली, त्यावरून ते ठरते. लातूरचा मुलगा बारावी पुण्यातून उत्तीर्ण झाला, तर त्याचे गृह विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ होते; पुण्याचा मुलगा अकरावी-बारावीसाठी लातूरला गेला, तर पुण्याच्या अनेक महाविद्यालयांत तो बाहेरचा ठरतो. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या संस्थांमध्ये जागा राज्यस्तरावर भरल्या जात असल्याने तेथे हा फरक पडत नाही. क्लासच्या सोयीसाठी दुसऱ्या जिल्ह्यातील महाविद्यालयात नाव घालण्याची पद्धत अलीकडे सर्रास झाली आहे. तो मार्ग स्वीकारणाऱ्यांनी हा परिणाम आधी समजून घ्यावा.

ज्यांचे शिक्षण महाराष्ट्रात झालेले नाही, त्यांचा प्रश्न वेगळा असतो. गोवा, इंदूर, बडोदे येथील मराठी कुटुंबांतील विद्यार्थ्यांच्या आई-वडिलांकडे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र असेल, तर त्या आधारे राज्याच्या जागांसाठी पात्र ठरता येते. ते नसल्यास अखिल भारतीय कोट्याच्या जागांचाच विचार करावा लागतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेश नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. त्यांना वादग्रस्त सीमाभागातील रहिवासाचे आणि मराठी ही मातृभाषा असल्याचे अशी दोन प्रमाणपत्रे विहित नमुन्यात सादर करावी लागतात. बेळगाव-निपाणीकडच्या पालकांनी हे नमुने सीईटी सेलच्या प्रवेश माहिती पुस्तिकेतून आधीच काढून ठेवावेत.

नाव, जन्मतारीख आणि अधिवास

कागदपत्रांची तयारी अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू करावी. पहिले काम अगदी साधे आहे: दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि जातीचा दाखला एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. एका कागदावर आडनाव आधी आणि दुसऱ्यावर शेवटी आले, तर सहसा अडचण येत नाही. परंतु वडिलांच्या नावापुढचा ‘राव’ एका ठिकाणी असणे आणि दुसऱ्या ठिकाणी नसणे, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त असणे, हे छाननीच्या वेळी आणि पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी हमखास आडवे येते. आधारवरील दुरुस्ती आधार केंद्रावर तुलनेने लवकर होते. दहावीच्या गुणपत्रिकेतील चुकीसाठी मात्र शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो आणि त्यात महिने जातात. नावच बदललेले असेल, तर राजपत्रातील नोंद जवळ असावी.

वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन्ही आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा गावातील महा ई-सेवा केंद्रातून अर्ज करून मिळतात. अधिवासाचे प्रमाणपत्र एकदा काढले की पुरते, त्यामुळे ते अकरावीतच उरकावे. उत्पन्नाचा दाखला मात्र वर्षागणिक नवा लागतो. जून महिन्यात तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रांवर काय गर्दी उसळते, हे एकदा पाहिलेला मनुष्य दुसऱ्यांदा हे काम जूनपर्यंत ठेवत नाही.

जात प्रमाणपत्र, वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर

राखीव प्रवर्गातून प्रवेश घेणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि सर्वाधिक जागा येथेच हुकतात. अनेक पालकांना वाटते की उपविभागीय अधिकाऱ्यांनी दिलेला जातीचा दाखला घरी आहे, म्हणजे काम झाले. प्रत्यक्षात व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी त्या दाखल्याची पडताळणी होऊन मिळालेले जात वैधता प्रमाणपत्र लागते. ही पडताळणी राज्याच्या २००० सालच्या अधिनियमानुसार होते. अनुसूचित जाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग (एसईबीसी) यांच्यासाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती असते, तर अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाच्या स्वतंत्र तपासणी समित्या आहेत.

अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत कागदपत्रांसह समितीकडे द्यावी लागते, आणि त्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांची शिफारस लागते. विज्ञान शाखेतील विद्यार्थ्यांना हा अर्ज अकरावीपासूनच करता येतो. जे महाविद्यालय स्वतःहून वर्गात सूचना फिरवते, तेथील विद्यार्थी सुदैवी म्हणायचे; इतरांनी कार्यालयात जाऊन विचारावे. अर्जासोबत वंशावळीचे शपथपत्र, विद्यार्थ्याचे, वडिलांचे आणि आजोबांचे शाळेचे दाखले, आणि जातीची नोंद असलेले जुने पुरावे जोडायचे असतात.

जुना पुरावा म्हणजे किती जुना, हा प्रश्न येथे नेहमी येतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक, म्हणजे जात आणि वास्तव्य ज्या तारखेच्या आधारे पाहिले जाते ते दिवस, आहेत. त्या तारखेपूर्वीची, जातीचा आणि त्या वेळच्या वास्तव्याचा उल्लेख असलेली नोंद सर्वांत भक्कम मानली जाते. आजोबा किंवा पणजोबा शाळेत गेले असतील, तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळवावा. ते शिकलेले नसतील, तर गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुक किंवा जुने महसुली कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधावे लागतात. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडी लिपीत असतात आणि त्यांचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे लागते. त्यासाठी निराळा वेळ धरावा. वडील, सख्खे चुलते किंवा चुलत भावंडे अशा वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणाकडे आधीच वैधता प्रमाणपत्र असेल, तर त्याची प्रत जोडल्याने काम पुष्कळ सोपे होते. म्हणून घरातल्या एका लग्नकार्यात चार चुलत्यांना विचारून ठेवावे. त्यातून जे मिळते, ते कधीकधी सहा महिन्यांच्या कार्यालयीन खेपांतून मिळत नाही.

वैधता वेळेत मिळाली नाही, तर समितीकडे अर्ज केल्याची पावती तात्पुरती ग्राह्य धरण्याची सवलत शासनाने यापूर्वी दिलेली आहे. परंतु ठरवून दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र सादर झाले नाही, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात टाकला जातो आणि आधी मिळालेली राखीव जागा जाते. सवलत मिळेलच असे धरून बसणे धोक्याचे आहे.

अनुसूचित जाती आणि जमाती वगळता इतर राखीव प्रवर्गांना नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्रही लागते. येथे तारखेचा घोळ होतो. प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षासाठी आहे, त्या वर्षातील ३१ मार्चपर्यंत हे प्रमाणपत्र वैध असावे लागते. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत. दहावीनंतर काढलेल्या प्रमाणपत्राची मुदत नेमकी बारावीच्या परीक्षेनंतर संपते आणि छाननीच्या दिवशी ते ध्यानात येते. म्हणून प्रमाणपत्रावरची वैधतेची ओळ आजच वाचावी आणि गरज असेल तर नवीन आर्थिक वर्ष सुरू होताच, एप्रिलमध्ये, नव्याने अर्ज करावा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे, म्हणजे ईडब्ल्यूएसचे, प्रमाणपत्रही चालू वर्षाचेच आणि राज्याच्या नमुन्यातील असावे. केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र जेईईसाठी चालते, परंतु राज्याच्या प्रक्रियेसाठी वेगळे काढावे लागते. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी दोन्ही काढून ठेवावीत.

पर्सेंटाइल आणि गुणवत्ता क्रमांक

सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, म्हणून निकाल गुणांत न देता पर्सेंटाइलमध्ये दिला जातो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. त्या सत्रातील ९५ टक्के परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. निकाल सात दशांश स्थळांपर्यंत दिला जातो, कारण इतक्या मोठ्या संख्येत तिसऱ्या-चौथ्या दशांश स्थळावरही शेकडो विद्यार्थी पुढे-मागे होतात. पर्सेंटाइल समान असेल, तर आधी गणितातील पर्सेंटाइल पाहिले जाते.

कॅपमध्ये नोंदणी झाल्यानंतर जो राज्य गुणवत्ता क्रमांक मिळतो, तो पुढच्या नियोजनासाठी अधिक विश्वासार्ह असतो. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या वर्षागणिक बदलते, तसे एकाच पर्सेंटाइलचे मोलही बदलते. गेल्या वर्षी ९२ पर्सेंटाइलला मिळालेली शाखा यंदा त्याच पर्सेंटाइलला मिळेलच असे नाही. त्यामुळे जुन्या कटऑफच्या, म्हणजे प्रत्येक जागेवर शेवटी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या, यादीतील पर्सेंटाइलबरोबर छापलेला गुणवत्ता क्रमांकही पाहावा.

महाविद्यालयांचा शोध: जानेवारी ते मे

मागील वर्षांच्या कटऑफ याद्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फेरीनिहाय उपलब्ध असतात. नवख्या पालकाला ती यादी उघडली की इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो, पण त्याची रीत सोपी आहे. संकेताचे पहिले अक्षर जी असेल तर ती जागा सर्वांसाठी आणि एल असेल तर मुलींसाठी असते, कारण ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. मधली अक्षरे प्रवर्ग दाखवतात, उदाहरणार्थ ओपन किंवा ओबीसी. शेवटचे अक्षर एच असेल तर गृह विद्यापीठ, ओ असेल तर इतर विद्यापीठ आणि एस असेल तर राज्यस्तर. एवढे समजले की एखाद्या ओबीसी मुलीने आपल्या गृह विद्यापीठातील एल-ओबीसी-एच या जागेबरोबरच जी-ओबीसी-एच, एल-ओपन-एच आणि जी-ओपन-एच या जागांचे कटऑफही पाहावेत, हे आपोआप कळते. गुणवत्तेनुसार ती या चारही जागांसाठी पात्र असते.

याद्या पाहताना सर्व फेऱ्यांचे आकडे घ्यावेत. पहिल्या फेरीचा कटऑफ पाहून पुष्कळ विद्यार्थी निराश होतात, आणि शेवटच्या फेरीचा पाहून काहीजण विनाकारण निर्धास्त होतात. किमान दोन वर्षांचे, सर्व फेऱ्यांचे आकडे एका कागदावर उतरवून आपला क्रमांक त्यांत कोठे बसतो ते पाहावे.

शाखा आधी की महाविद्यालय आधी, या वादाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. संगणकशास्त्राचे आकर्षण सध्या इतके आहे की सीओईपी, व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद किंवा कराडचे शासकीय महाविद्यालय अशा जुन्या, प्रयोगशाळांनी समृद्ध संस्थांतील स्थापत्य, यंत्र किंवा विद्युत शाखा सोडून विद्यार्थी नव्याने निघालेल्या महाविद्यालयातील संगणक शाखेकडे धावतात. ज्याला प्रोग्रामिंगची खरोखर आवड आहे, त्याने ती शाखा अवश्य घ्यावी. शेजारच्या मुलाने घेतली एवढेच कारण असेल, तर जुन्या शासकीय संस्थेतील मूळ शाखा माझ्या मते अधिक चांगली; तेथील शुल्कही खासगी संस्थांच्या तुलनेत पुष्कळ कमी असते.

महाविद्यालयाला प्रत्यक्ष भेट द्यावी, आणि ती सुट्टीच्या दिवशी नव्हे तर वर्ग चालू असताना. प्रवेशद्वारावरील फलकावर सर्वाधिक पगाराचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. तो एका विद्यार्थ्याचा असू शकतो. आपल्याला हव्या त्या शाखेतील किती विद्यार्थ्यांना नोकरी मिळाली आणि मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती होता, हे विचारावे. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईची मान्यता, संस्थेचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी, त्या विशिष्ट शाखेला अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या एनबीएचे मानांकन आहे का, संस्था स्वायत्त आहे का, हे संकेतस्थळावर पडताळता येते. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते; महाविद्यालयाने सांगितलेला आकडा प्राधिकरणाच्या आकड्याशी जुळतो का, ते पाहावे. वसतिगृह, खाणावळ आणि बसभाडे यांचा हिशेब त्यात स्वतंत्रपणे मिळवावा.

नोंदणी आणि छाननी

सीईटीच्या निकालानंतर कॅपची नोंदणी सुरू होते. परीक्षेचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असा समज असणारे दरवर्षी भेटतात. हे दोन अर्ज पूर्णपणे वेगळे आहेत. नोंदणीत कागदपत्रे अपलोड करून शुल्क भरायचे असते, आणि त्यानंतर छाननीचा प्रकार निवडायचा असतो. ई-छाननीत घरबसल्या काम होते व त्रुटी असल्यास अर्ज परत येतो. प्रत्यक्ष छाननीत नेमून दिलेल्या सुविधा केंद्रावर मूळ कागदपत्रांसह जावे लागते. ज्यांची कागदपत्रे सरळ आहेत त्यांना ई-छाननी सोयीची आहे. ज्यांच्या प्रवर्गाबाबत किंवा उमेदवारीच्या प्रकाराबाबत शंका आहे, त्यांनी सुविधा केंद्रावर जाऊन तेथील प्राध्यापकांशी समोरासमोर बोलावे.

अर्ज निश्चित झाल्याची पावती मिळाल्याशिवाय नोंदणी पूर्ण झालेली नसते. त्रुटीसाठी परत आलेला अर्ज लॉगिन करून पाहिलाच नाही, म्हणून बाद झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. पावतीवरील प्रवर्ग, लिंग, गृह विद्यापीठ, बारावीचे गुण आणि टीएफडब्ल्यूएस व ईडब्ल्यूएस यांपुढील नोंदी वाचाव्यात. टीएफडब्ल्यूएस ही शिक्षण शुल्क माफीची योजना असून तिच्या जागा मंजूर जागांच्या ५ टक्के आणि अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांव्यतिरिक्त, असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी असल्यास कोणत्याही प्रवर्गाच्या विद्यार्थ्याला तिचा पर्याय घेता येतो. त्यानंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते आणि हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात. चूक सुधारण्याची ती शेवटची सोयीची वेळ असते.

पसंतीक्रम

ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीक्रमाचा अर्ज, हा या साऱ्या प्रक्रियेचा गाभा आहे, आणि त्याबद्दलचे गैरसमजही सर्वाधिक आहेत. संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्याचा फॉर्म उघडतो, त्याचा पहिला पर्याय पाहतो, तेथे त्याच्यासाठी जागा नसेल तर दुसरा, मग तिसरा, आणि जेथे जागा सापडेल तेथे थांबतो. वर मोठे महाविद्यालय लिहिले म्हणून खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. कोणी आपल्याहून मागे असलेल्या विद्यार्थ्याने तेच महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले, म्हणून ते त्याला आपल्याआधी मिळत नाही. यावरून एकच रीत निघते: फॉर्म शक्यतेच्या क्रमाने भरू नये, मनापासूनच्या आवडीच्या क्रमाने भरावा. मात्र यादी शेवटी इतकी खाली न्यावी की आपल्या क्रमांकाला निश्चित मिळेल असे काही पर्याय तीत असतील. दहा-बाराच पर्याय भरून पहिल्या फेरीत रिकाम्या हाती राहणारे विद्यार्थी अभ्यासात नव्हे, आळसात कमी पडलेले असतात.

परंतु या रीतीला एक अट आहे. २०२५-२६ च्या प्रवेशांसाठी कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि जागा आपोआप गोठवण्याचा, म्हणजे ऑटो फ्रीजचा, नियम कडक करण्यात आला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळाली किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळाली, तर ती स्वीकारणे बंधनकारक. पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणून वरचे सहा पर्याय लिहिताना, हे मिळाले तर मी येथे चार वर्षे शिकेन का, हा प्रश्न प्रत्येक पर्यायासमोर स्वतःला विचारावा. पाहूया लागते का, म्हणून वर टाकलेला पर्याय खरोखर लागतो. फेऱ्यांची संख्या आणि हा नियम दरवर्षीच्या माहिती पुस्तिकेत पुन्हा तपासावा, कारण असे तपशील वर्षागणिक बदलतात.

ऑटो फ्रीज न झालेल्या विद्यार्थ्याला जागा स्वीकारून पुढील फेरीत अधिक चांगल्या जागेसाठी थांबता येते; याला बेटरमेंट म्हणतात. त्यासाठी जागा स्वीकृती शुल्क भरणे आवश्यक असते. पुढच्या फेरीत नवी जागा मिळाली की आधीची आपोआप रद्द होते आणि ती परत मागता येत नाही. त्यामुळे पुढच्या फेरीचा फॉर्म भरताना हाती असलेल्या जागेपेक्षा जे निश्चितपणे अधिक हवे आहे, तेवढेच लिहावे. यादी लांबवण्यासाठी कमी आवडीचे पर्याय भरले, तर हातची चांगली जागा जाऊन ते पदरी पडतात. नवी जागा नाही मिळाली, तर जुनी कायम राहते.

फॉर्म सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतल्यास लॉगिन आणि पासवर्ड आपल्याच हाती ठेवावा, ओटीपी स्वतः टाकावा, आणि निश्चित केलेल्या फॉर्मची छापील प्रत घेऊन चॉइस कोड, म्हणजे महाविद्यालय व शाखेचे संकेतांक, पुन्हा ताडावेत. एकाच महाविद्यालयाच्या एकाच शाखेचा टीएफडब्ल्यूएससाठी वेगळा कोड असतो, आणि त्याचा कटऑफ बहुधा अधिक वर असतो. तो पर्याय हवा असल्यास स्वतंत्रपणे लिहावा लागतो.

जागा मिळाल्यानंतर, आणि शुल्काची बाजू

जागा वाटप झाल्यावर स्वीकृती आणि महाविद्यालयात हजर राहणे यांच्या मुदती दोन-तीन दिवसांच्याच असतात. त्या काळात गावाला किंवा लग्नाला जाण्याचे बेत ठेवू नयेत. मूळ कागदपत्रांसोबत साक्षांकित प्रतींचे संच आणि बारावीनंतरचा शाळा सोडल्याचा दाखला जवळ असावा. तो कनिष्ठ महाविद्यालयातून काढायला वेळ लागतो, म्हणून निकाल लागताच अर्ज द्यावा.

शिष्यवृत्तीचा विचार प्रवेशानंतर नव्हे, प्रवेशापूर्वी करावा, कारण जागा कोणत्या मार्गाने घेतली यावर ती अवलंबून असते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे आणि तीत शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजना, तर विमुक्त व भटक्या जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. शुल्क सवलतीच्या या योजनांसाठी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो; व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेवर हा लाभ मिळत नाही. फेऱ्या संपण्याआधीच फोन करून थेट जागा देतो असे सांगणाऱ्या मध्यस्थांच्या बोलण्यात हा फरक कधीच येत नाही. ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त देणगी मागणे राज्याच्या १९८७ च्या कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. विद्यार्थ्याचे स्वतःचे खाते अकरावीतच उघडून ते आधारशी जोडून घ्यावे. खाते नुसते आधार क्रमांक दिलेले असून भागत नाही. थेट लाभ हस्तांतरणासाठी ते जोडले गेले आहे का, हे बँकेत विचारून खात्री करावी. अर्ज दरवर्षी नूतनीकरणासाठी पुन्हा भरावा लागतो, आणि महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाने तो पुढे पाठवला की नाही, हे पोर्टलवरील स्थितीवरून अधूनमधून तपासावे लागते.